"आई, तो मागे आहे गं"

कर्वेनगरमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, टीपॉयवर पोह्यांच्या बशा बाजूला सारून मी लॅपटॉप उघडला होता. ताम्हिणी घाटाच्या अलीकडे एका जोडप्याने चार खोल्यांचं होमस्टे काढलंय, त्यांचं वेबपेज दाखवायचं होतं. त्यांची मागणी एकच आणि ठाम होती: पान उघडलं की पाऊस पडला पाहिजे. तर तो पडत होता. मागे मुळशीकडचा काळपट हिरवा डोंगर, त्याच्यावरून तिरप्या सरी, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात खोल्यांची माहिती, जेवणात काय काय, गाडी कुठे लावायची. दोघं खूश होती. त्यातल्या नवऱ्याच्या आई, म्हणजे काकू, चष्मा नीट करून पुढे वाकल्या, दोनेक ओळी वाचल्या आणि मान उचलून खिडकीच्या गजांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "छान केलंयस गं. पण थांबतं का ते?" मी विचारलं, "काय, पाऊस?" "हो. म्हणजे माझं वाचून होईपर्यंत." मुलगा हसला. "आई, तो मागे आहे गं. बॅकग्राउंडला. तू पुढचं वाच की." काकू म्हणाल्या, "पुढचंच वाचतेय रे. पण तो मध्ये येतोय ना."

मग बोलणं दरपत्रकाकडे वळलं, चहा आला, आणि काकू आत निघून गेल्या. परत येताना राजाराम पुलावर नेहमीप्रमाणे सगळं तुंबलं होतं. जुलैची भुरभुर चालू होती, हेल्मेटच्या काचेवर थेंब साचत होते. काच डोळ्यापासून चार बोटांवर, थेंब तिच्यावर, म्हणजे जगातल्या सगळ्या गोष्टींच्या पुढे, आणि तरीही मला पुढच्या टेम्पोच्या फळीवरची अक्षरं वाचता येत होती. थेंब होते, पण ते थांबलेले होते. एखादा घरंगळला की मात्र नजर टेम्पोवरून सुटून त्याच्या मागे जायची. माझ्या पानावरचा पाऊस मागे असून मध्ये येत होता आणि हा पुढे असून वाट देत होता. काकूंचं वाक्य तिथून जे चिकटलं ते सुटेना.

आमच्या धंद्यात 'मागे' ही जागा आकड्याने ठरते. स्क्रीनला खोली नसते, सगळं एकाच काचेवर. त्यामुळे जे आधी रंगवलं ते खाली आणि जे नंतर रंगवलं ते वर, एवढाच काय तो मागचा-पुढचा हिशेब. हा क्रम सांगणारा आकडा म्हणजे झेड-इंडेक्स. पावसाला उणे एक द्या, मजकुराला एक द्या, झालं, असं शिकवणारे सांगतात आणि शिकणारे विश्वास ठेवतात. प्रत्यक्षात या उणे एकाने किती जणांची रात्र खाल्ली असेल! पानाच्या मुळाला, म्हणजे एचटीएमएल या घटकाला, स्वतःचा रंग नसेल तर त्याच्या आतल्या बॉडीचा, म्हणजे दिसणारा सगळा मजकूर ज्यात बसतो त्या घटकाचा, रंग थेट सगळ्या पानाखाली अंथरला जातो आणि उणे एकवाला पाऊस त्याच्यावर नीट दिसतो. पण कुणी मुळालाही एखादा रंग देऊन ठेवला की बॉडीचा रंग बॉडीपुरताच उरतो, पावसाच्या नंतर रंगवला जातो, आणि पाऊस त्याच्याखाली गाडला जातो. पडत असतो बरं का. बॅटरी खात असतो, पंखा फिरवत असतो, फक्त दिसत नाही. उलट बाजूची गंमत अशी की पाऊस चुकून मजकुराच्या वर आला तर दिसायला सगळं ठीक दिसतं, थेंब पारदर्शक, अक्षरं वाचता येतात, पण 'खोली बुक करा' वर कितीही बोट दाबा, काही होत नाही. बोट बटणावर पडतच नाही, पावसाच्या न दिसणाऱ्या काचेवर पडतं. त्या काचेला पॉइंटर-इव्हेंट्स नकोत म्हणून सांगावं लागतं, म्हणजे स्पर्श तिच्यातून आरपार जातो.

आणि आकडा वाढवून प्रश्न सुटत नाही, हे तर फारच उशिरा पटतं. नवखी मुलं ९९ लिहितात, मग ९९९९, एखाद्या जुन्या प्रोजेक्टात २१४७४८३६४७ सुद्धा सापडतो. अधिक-उणे चिन्ह धरून बत्तीस बिटांत बसणारा सगळ्यात मोठा पूर्णांक, त्याच्या वर बहुतेक ब्राउझरांना जाताच येत नाही. तरी अक्षरं मागेच. कारण वरच्या कुठल्यातरी डब्याला कुणीतरी ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, ०.९९ दिलेली असते, किंवा ट्रान्सफॉर्म, म्हणजे सरकवायची-फिरवायची सूचना, लावलेला असतो, आणि तेवढ्याने तो डबा स्वतःचा वेगळा थर होऊन बसतो. आतल्यांची सगळी भांडणं मग आतच. पहिल्या मजल्यावरच्या घरात स्टुलावर चढून उभं राहिलं तरी माणूस पहिल्या मजल्यावरच असतो, तसं ते. हे मी मुलांना शिकवताना फार चवीने सांगते. सगळा हिशेब एकदा डोक्यात बसला की आपण ब्राउझरला जिंकलं असं वाटतं: पाऊस मागे, मजकूर पुढे, स्पर्श आरपार, काम फत्ते.

काकूंच्या डोळ्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

डोळा वाचतो तो फार लहान जागेतून. हात लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या रुंदीएवढाच भाग आपल्याला खरा स्वच्छ दिसतो, बाकी सगळं अंदाजपंचे. वाचताना नजर ओळीवरून वाहत जात नाही, उड्या मारते. एक थांबा सेकंदाच्या पाव भागाचा, की पुढची उडी. ही उडी कुठे मारायची ते ठरवायला कडेची अंधूक नजर मदत करते. आणि या कडेच्या नजरेला अक्षर नीट कळत नसलं तरी एक गोष्ट फार चांगली कळते, ती म्हणजे हालचाल. गवतात काही हललं की मान वळलीच पाहिजे, हे आपल्याआधी पिढ्यान् पिढ्या जगलेल्यांनी करून ठेवलेलं काम आहे. तिथे झेड-इंडेक्स चालत नाही. पानावर मागे काही हलत असेल तर डोळ्यापुरतं ते सगळ्यात पुढे असतं. तरणा डोळा दर वेळी स्वतःला ओढून परत ओळीवर आणतो आणि ओढल्याचं त्याला कळतही नाही. काकूंचा दमतो, म्हणून त्यांना कळलं.

नंतर सूनबाईंशी फोनवर बोलताना समजलं की काकूंना भोवळीचा त्रास आहे. कानाच्या आतला तोल. बसमधून जाताना त्या खिडकीबाहेर बघत नाहीत. कान सांगतो आपण बसलोय, डोळा सांगतो सगळं सरकतंय, आणि मेंदू दोघांच्या मध्ये सापडून पोटात ढवळायला लावतो. हे काही जगावेगळं नाही. २०१३ मध्ये आयफोन ज्यावर चालतो त्या आयओएसची सातवी आवृत्ती आली तेव्हा तिच्यातल्या झूम होत उघडणाऱ्या आणि फोनबरोबर हलणाऱ्या पडद्यांनी मळमळतं अशा इतक्या तक्रारी झाल्या की साधारण महिन्याभरात हालचाल कमी करायची सोय सुधारून द्यावी लागली. २०१७ पासून, आधी सफारीत आणि मग बाकीच्या ब्राउझरांत, वेबपेजला फोनकडे किंवा लॅपटॉपकडे चौकशी करता येते: या माणसाने हालचाल नको म्हणून सांगून ठेवलंय का? ठेवलं असेल तर पाऊस सुरूच करायचा नाही. दोन ओळींचं काम. पण काकूंनी ते सेटिंग लावलेलं नव्हतं. असं काही असतं हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. आणि लॅपटॉप माझा होता.

त्याहून जुना नियम तर २००८ सालचा आहे, वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या निकषांतला. जे आपोआप सुरू होतं, पाच सेकंदांपेक्षा जास्त चालतं आणि दुसऱ्या मजकुराच्या सोबतीने हलत राहतं, ते थांबवायची सोय हवी. निकषांच्या तीन पायऱ्या आहेत, त्यातल्या सगळ्यात खालच्या, म्हणजे किमान एवढं तरी करा म्हणणाऱ्या पायरीवर हा नियम बसतो. मला पाठ आहे. काकूंनी तो न वाचता, पोहे खाता खाता, मराठीत सांगितला.

हे थांबणं मी पहिल्यांदा पाहिलं ते नारायण पेठेत, लहानपणी. आमच्या बोळातल्या मंडळाच्या गणपतीमागे दिव्यांचं चक्र असायचं. लाल, हिरवे, पिवळे बल्ब, आणि ते फिरायचं. फिरायचं म्हणजे तसं वाटायचं. खरी गोष्ट पडद्यामागे होती: एक लाकडी रूळ, त्याच्या अंगावर ठोकलेल्या तांब्याच्या पट्ट्या, आणि वरून ओळीने टेकलेल्या पत्र्याच्या जिभा. छोटी मोटर रूळ फिरवायची, जीभ पट्टीला टेकली की त्या रांगेतले दिवे लागायचे, पट्टी सरली की विझायचे आणि पुढची रांग पेटायची. जागचा एकही दिवा हलत नव्हता, तरी मूर्तीमागे चक्र गरगरत होतं. खडखड असा एकसुरी आवाज, बारीक निळसर ठिणग्या, आणि तापलेल्या धातूचा जळका वास. आम्ही पोरं मूर्तीसमोर कमी आणि कनातीमागे जास्त असायचो. ते काम बघणारे वायरमनकाका आरती सुरू झाली की मोटर बंद करायचे आणि दुसऱ्या एका खटक्याने सगळे दिवे एकदम, स्थिर लावून ठेवायचे. आम्हाला राग यायचा. ऐन गर्दीच्या वेळी मजा बंद! त्यांना विचारलं तर ते फक्त "मूर्ती दिसू दे की जरा" एवढंच म्हणायचे. प्रसाद वाटून झाला की पुन्हा खडखड. आज मी पैसे घेऊन जे करते ते हेच, पट्ट्या आणि जिभांऐवजी सेकंदाला साठ चित्रं, एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. खटका मात्र लोक मागतात तेव्हा आठवतो.

पाऊस नको, असं मला कधीच म्हणवणार नाही, कारण तो करायला मला मनापासून आवडतं. मोठा थेंब सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगाने पडतो, भुरभुरीतला बारीक थेंब फार तर दोन. म्हणून जवळच्या सरी लांब आणि वेगवान, दूरच्या आखूड आणि आळशी, असे थर करायचे. सगळ्या एकाच कोनात पडल्या तर नळाचं पाणी वाटतं, मधूनच वाऱ्याचा झोत यावा लागतो. घाटातला पाऊस तर नुसता पडतही नाही. कड्यावर तो खालून वर येतो, धुक्यातून आडवा येतो, छत्रीला काही अर्थच ठेवत नाही. ते जमवण्यात संध्याकाळ कशी जाते कळत नाही. त्या जोडप्याला पाऊस का हवा होता तेही मला कळतं. खोल्या काय सगळीकडेच असतात. जूनमध्ये शहरातला माणूस शंभर किलोमीटरसुद्धा न जाता जे विकत घ्यायला येतो ते हेच, कौलांवरचा आवाज आणि ओल्या मातीचा वास. वास पाठवता येत नाही, आवाज आपोआप सुरू झाला तर लोक पान बंद करतात. उरतात त्या सरी.

पण सरींवर मराठी बसवायची म्हणजे वेगळाच प्रसंग. देवनागरीत अर्धा अर्थ डोक्यावरच्या ठिपक्यांत आणि पोटाखालच्या शेपट्यांत असतो. जेवणाच्या यादीत मी आंबेमोहोर भात लिहिला होता. स्क्रीन थांबवून एकेक चित्र बघायला बसले तर अनुस्वाराशेजारून एक उजळ थेंब गेला आणि भलत्याच अक्षरावर दुसरा अनुस्वार देऊन गेला. 'कोंबडी' मधला ठिपका मागच्या पांढऱ्या धुक्यात साफ विरला. रोमन लिपीत आयच्या डोक्यावरचा ठिपका गेला तरी आय कळतो. आपल्याकडे ठिपका गेला की शब्दाची जात बदलते. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडात किमान साडेचारास एक एवढं अंतर असावं असा दंडक आहे, मोठ्या अक्षरांना तीनास एक चालतं. स्थिर रंगावर हे मोजणं सोपं. हलत्या चित्रावर मोजायचं कुठे? लोक बहुधा सुरुवातीच्या चित्रावर मोजतात आणि निर्धास्त होतात. मोजायला हवं ते त्यातल्या सगळ्यात उजळ क्षणी, ढग फाटून डोंगर लख्ख होतो त्या क्षणी. कारण वाचणारा नेमका तेव्हाच त्या ओळीवर असू शकतो.

यावरचा रूढ उपाय म्हणजे मध्ये एक काळपट, अर्धपारदर्शक पडदा टाकायचा. पाऊस त्याच्या मागे, अक्षरं पुढे. आणि इथे गिऱ्हाइकाशी हमखास वाद होतो. "पडदा नको, आमचा डोंगर मळकट दिसतो." मग पडदा पातळ होतो, मग अक्षरांना सावली येते, मग सावलीमुळे अक्षरं बटबटीत दिसतात, मग अक्षरं जाड होतात. एवढं सगळं करून आपण मागच्या पावसाला इतकं दाबतो की तो असून नसल्यासारखा. मग तो कशाला चालू आहे, असा प्रश्न त्या टप्प्यावर कुणी विचारत नाही, कारण त्याचे पैसे ठरलेले असतात.

हलणारी पार्श्वभूमी म्हटलं की मला बाबांनी सांगितलेला 'घाशीराम' आठवतो. १९७२ च्या डिसेंबरात भरत नाट्य मंदिरात तो पहिल्यांदा उभा राहिला, आणि त्यातला डोलणारा माणसांचा पडदा पुढे सगळ्या नाट्यवेड्या पुण्याच्या बोलण्यात गेला. बाबा तो पडदा घरात करून दाखवायचे, हात बांधून, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत. माझ्या डोक्यात त्यांनी एक गोष्ट ठोकून ठेवली होती: ती माणसांची रांग मागे उभी असली तरी मागची नव्हती. ती डोलायची ती तुम्ही तिच्याकडे बघावं म्हणून. तीच भिंत व्हायची, तीच पाठ फिरवून आडोसा करायची, आणि आडोशामागे काय चाललंय ते तुम्हाला कळूनही दिसायचं नाही. तेंडुलकर आणि जब्बार पटेलांना ती रांग शोभेसाठी नको होती, आरोपी म्हणून हवी होती. तिचं डोलणं काढलं तर नाटकच उरत नाही. म्हणजे मागे काही हलूच नये असं नाही. हललं तर त्याच्याकडे बघितलं जाणार, हे करणाऱ्याने मान्य केलेलं असावं. 'मागेच तर आहे' असं म्हणून हलवत ठेवायचं आणि वर वाचणाऱ्याला म्हणायचं तू पुढचं वाच, ही आमच्या धंद्याची लबाडी आहे, आणि ती इतकी जुनी झाली आहे की आम्हाला ती रीत वाटते.

माझ्या हिशेबात तरी आता एवढं ठरलंय. पाऊस पडेल, पण आधी एकटा. पान उघडल्यावर पाच सेकंदांच्या आत काय ती झोड उठेल, वाऱ्याचा तो झोत येईल, आणि तेवढा वेळ वर होमस्टेच्या नावाशिवाय एकही अक्षर नसेल. मग सरी विरळ होत थांबतील, डोंगर ओला, स्थिर राहील, आणि त्यावर मजकूर येईल. पुन्हा बघायचा असेल त्याला एक बटण, सुरू-बंद दोन्हीला तेच. ज्याच्या फोनने हालचाल नको म्हटलंय त्याला पहिल्यापासून ओला डोंगर. यात बॅटरी वाचते, आणि घाटात एका काडीच्या रेंजवर पान उघडणाऱ्यालाही ते जड जात नाही.

जोडप्याला हे अर्धंच पटलंय. ती म्हणाली, बरं वाटतंय, नाव नीट दिसतं. तो म्हणाला, पाऊस थांबल्यावर पान मेल्यासारखं वाटतं, निदान कोपऱ्यात थोडा तरी चालू ठेवा. मी नाही म्हटलं. मग बटणावरून सुरू झालं. त्यांना ते पुसट पांढरं हवंय, खाली उजव्या कोपऱ्यात, फोटोत मध्ये न येणारं. मी म्हटलं कोपरा तुमचा, पण अठ्ठेचाळीस पिक्सेलपेक्षा लहान करणार नाही, आणि त्याच्यावर नुसत्या दोन दांड्या नकोत, 'पाऊस थांबवा' असं लिहायचं. त्यावर त्यांचं उत्तर यायचंय. सूनबाईंचा निरोप आलाय की अक्षरं आणखी मोठी झाली तर बरं, आणि दर मात्र यादीच्या वर नको, खाली टाका.